माशांच्या टँकसाठी सकर घेताय? छोट्या जातीचा घ्या

दुकानात 'सकर' (काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा) म्हणून दोन इंचाचा काळपट ठिपक्यांचा मासा देतात ना, तो बहुतेक वेळा टेरिगोप्लिक्थिस असतो आणि तो काही दोन इंचाचा राहत नाही, दीड फुटापर्यंत जातो, मग लोक कंटाळून नदीत नाहीतर तलावात सोडून देतात, जे अजिबात करू नये. उजनीच्या मच्छीमारांना विचारा, जाळ्यात हाच येतो, खरखरीत अंगाने जाळी फाडतो आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही.

छोट्या टँकला याच्याच कुळातले लहान भाऊबंद बरे. कुळ लोरिकॅरिइडी, मूळचं दक्षिण आणि मध्य अमेरिकेतलं, जाती 1000 च्या वर! खवले नाहीतच, त्याऐवजी हाडाच्या पट्ट्यांचं चिलखत आणि त्यावर बारीक दातांसारखे काटे, म्हणून बोट उलटं फिरवलं की कानस लागते. तोंड खालच्या बाजूला, काचेला चिकटून तसाच श्वासही घेतो.

माझा आवडता ब्रिसलनोज, म्हणजे अँसिस्ट्रस. साधारण 10-12 सेंमी. नराच्या नाकाडावर फाटे फुटलेल्या मिशा उगवतात, दिसायला विचित्रच, पण त्या पिल्लांसारख्या दिसतात म्हणून माद्यांना असा नर चांगला बाप वाटत असावा असा काही संशोधकांचा अंदाज आहे. आणि बाप खरंच चांगला असतो, मादी गुहेत केशरी अंडी घालून निघून जाते, हा आत बसून परांनी वारा घालत राहतो. माठाचा फुटका तुकडा ठेवला तरी त्याला गुहा म्हणून चालतो. डोळा जवळून बघा, उजेड वाढला की बुबुळाची एक पाकळी खाली उतरून बाहुली झाकते.

त्याहून लहान हवा तर ओटोसिंक्लस, जेमतेम 4 सेंमी, पाच-सहा एकत्र ठेवायचे. हे बहुतेक नदीतून पकडूनच येतात, वाटेत उपाशी राहतात आणि नव्या टँकमध्ये पटापट मरतात, कारण तिथे त्यांच्या खाण्याचं शेवाळच नसतं. आणि हो, माशांची घाण यातला कुणीच खात नाही, हा गैरसमज दुकानदारांनीच पसरवलाय, पाणी तुम्हालाच बदलायचंय. टँक दोन-तीन महिने जुना झाल्यावरच ओटो आणा, काकडी-दुधीची उकडलेली चकती टाका, आणि दुकानात काचेला चिकटलेला असताना पोट बघून घ्या, आत गेलेलं असेल तर फुकट दिला तरी नको.