विकिलीक्स (होस्टिंगचा इतिहास)

विकिलीक्स : सरकारे, लष्करे, बँका यांची गोपनीय कागदपत्रे जाहीर करणारे वादग्रस्त संकेतस्थळ. ‘विकिलीक्स डॉट ऑर्ग’ हे नाव ४ ऑक्टोबर २००६ रोजी नोंदले गेले. संस्थापक ज्युलियन असांज, मूळचे ऑस्ट्रेलियाचे. साइटने काय काय फोडले यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. तिला जागा कोणी दिली आणि कोणी रातोरात सामान बाहेर काढले, एवढ्यापुरतीच ही नोंद.

सेतू केंद्रावर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी थांबलेल्याला ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ असे सांगितले जाते, तेव्हा साइट ही कुठल्यातरी खोलीतल्या यंत्रावर नांदते एवढे त्याला आपोआप कळते. त्या यंत्रावरची जागा भाड्याने देणे म्हणजे होस्टिंग. नाव एकाकडे नोंदवायचे, जागा दुसऱ्याची घ्यायची आणि या नावाचे बिऱ्हाड कुठे आहे हे सांगणारी डीएनएस सेवा बहुधा तिसऱ्याची. तिघांपैकी एकाने हात वर केले तरी वाचणाऱ्याच्या लेखी साइट बंद.

पहिला दणका नावाला बसला. युलिउस बेर या स्विस बँकेच्या केमन बेटांवरील व्यवहारांचे कागद साइटवर आले आणि फेब्रुवारी २००८ मध्ये बँक कॅलिफोर्नियातल्या न्यायालयात गेली. न्यायाधीश जेफ्री व्हाइट यांनी नाव नोंदवणाऱ्या डायनाडॉट कंपनीला ते नाव बंद करायला लावले. पण यंत्रे होती स्वीडनमधल्या पीआरक्यू कंपनीकडे, आणि ती चालूच होती. नावाऐवजी ८८.८०.१३.१६० हा यंत्राचा आकडी पत्ता टाकला की साइट उघडत असे. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले तरी ४३१००१ या पिनकोडवर टाकलेले पत्र पोचते, तसलाच हा प्रकार. २९ फेब्रुवारीला न्यायाधीशांनी आदेश मागे घेतला, पुढे बँकेने दावाही काढून घेतला. झाकायला निघालेल्या बँकेनेच त्या कागदांना प्रसिद्धी मिळवून दिली, ती फुकटात.

खरी परवड २०१० ची. २८ नोव्हेंबरला अमेरिकी वकिलातींच्या २,५१,२८७ तारांचे, म्हणजे त्यांच्या अंतर्गत संदेशांचे, प्रकाशन सुरू झाले, आणि लगेच साइटवर खोट्या मागण्यांचा मारा. बसस्थानकाच्या एकाच खिडकीवर तिकीट न काढणाऱ्या हजार जणांनी रांग लावावी, म्हणजे खरा प्रवासी तिथेच अडकतो. हा मारा झेलण्यासाठी साइट अमेझॉनच्या मोठ्या सर्व्हरांवर हलवली. सिनेटर जो लिबरमन यांच्या कार्यालयाने अमेझॉनकडे विचारणा केली आणि १ डिसेंबरला अमेझॉनने जागा काढून घेतली. सरकारी दबाव नव्हे, करारातल्या अटींचा भंग, असा कंपनीचा खुलासा. दुसऱ्याच रात्री डीएनएस सेवा देणाऱ्या एव्हरीडीएनएस कंपनीने नाव सोडले : या माऱ्यामुळे आमच्या इतर सुमारे ५ लाख साइट धोक्यात येतात, हे कारण. दोन दिवसांत दोन बिऱ्हाडे मोडली आणि एकाही ठिकाणी न्यायालयाचा कागद नव्हता. २००८ मध्ये निदान न्यायाधीशापुढे उभे तरी राहता आले होते.

मग ‘विकिलीक्स डॉट सीएच’ हे स्वित्झर्लंडच्या पायरेट पार्टी या राजकीय पक्षाकडचे नाव कामी आले. फ्रान्सचे मंत्री एरिक बेसों यांनी तिथल्या ओव्हीएच या होस्टिंग कंपनीने साइट ठेवू नये असा आग्रह धरला. ओव्हीएचने आपणहून न्यायालयात जाऊन हे कायद्यात बसते का ते विचारले. तडकाफडकी आदेश द्यायला न्यायालयाने नकार दिला. काही यंत्रे स्टॉकहोममध्ये बानहोफ कंपनीच्या पिओनेन केंद्रात गेली. शीतयुद्धाच्या काळातला हा नागरी संरक्षणाचा भुयारी तळ सुमारे ३० मीटर खडकाखाली आहे. छायाचित्रकारांना तो भारी आवडला. साइट तगली ती मात्र साध्या उपायाने : आठवडाभरात हजाराहून अधिक ठिकाणी लोकांनी तिच्या नकला आपापल्या सर्व्हरवर ठेवल्या. नाड्या आवळल्या त्या पैशाच्या. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच पेपाल, मास्टरकार्ड आणि व्हिसा यांनी देणग्यांची वाट बंद केली.

ही ओढाताण मराठवाड्याला अगदीच परकी नाही. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढले, ते निजामाच्या हद्दीबाहेर, पुण्याहून. बंदी आली की नाव बदलून अंक काढायचा, अशी ती युक्ती. छापखाना हद्दीबाहेर असल्याने निजाम सरकारच्या हाती लागे ते फक्त नाव. अलीकडची तऱ्हा उलटी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा आरक्षण आंदोलनाच्या वेळी जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत इंटरनेट सेवाच थांबवली गेली. इथे वादग्रस्त साइट कोणती हा प्रश्नच उरत नाही. टपरीवर क्यूआर कोडची पाटी असून चहाचे दहा रुपये मात्र सुटे द्यावे लागतात.

भारतासंबंधीच्या तारा मार्च २०११ मध्ये ‘द हिंदू’ने छापल्या. २००८ च्या विश्वासदर्शक ठरावावेळी खासदारांना पैसे दिल्याच्या उल्लेखावरून संसदेत गदारोळ झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये विकिलीक्सने सगळ्या तारा नावे न झाकता खुल्या केल्या. खबर देणाऱ्यांच्या जिवाला धोका होईल म्हणून तोवर सोबत असलेल्या वृत्तपत्रांनीही निषेध केला, आणि तो रास्त होता. होस्टिंगवरून झालेला अन्याय एका बाजूला, ही बेफिकिरी दुसऱ्या. एकीने दुसरी धुतली जात नाही.

असांज जून २०१२ पासून लंडनमधल्या इक्वाडोरच्या वकिलातीत आश्रयाला होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकी निवडणूक तोंडावर असताना त्या यजमानांनीच त्यांचे इंटरनेट तोडले. साइट तेव्हाही चालू होती.