एकाच मापाचे दोन सेल: एक गळतो, दुसरा पेटतो

आमच्या वाळव्याकडं टॉर्चला बॅटरी म्हणतात. रात्रीच्या लाईटवर उसाला पाणी पाजायला निघालेला माणूस ती घेतल्याशिवाय बाहेर पडत नाही, त्यात आता बिबट्याची धास्ती. आतल्या सेलचा विचार मात्र कुणी करत नाही. सेल म्हणजे सेल!

घड्याळातला पेन्सिल सेल आणि चार्जिंगच्या छोट्या बॅटरीतला १४५०० हा लिथियम आयन सेल शेजारी ठेवून बघा. दोन्हींची जाडी १४ मिलिमीटरच्या आसपास, लांबी ५० च्या. (१४५०० हे नाव मापावरूनच पडलंय.) पण पहिला १.५ व्होल्टचा, दुसरा ३.७ चा आणि पूर्ण भरल्यावर ४.२ चा. साध्या सेलच्या बॅटरीत चुकून लिथियम बसला, तर बल्ब किंवा सर्किट जळू शकतं.

आजोबा उतरलेले सेल पत्र्यावर उन्हात ठेवायचे. संध्याकाळी बॅटरी जरा उजळायची. साधा सेल हे सोसायचा, फार तर गळायचा. अल्कलाइन सेल गळला की पांढरा थर धरतो, तो क्षार असतो, हाताला लावून घेऊ नये. त्रास इतकाच.

लिथियमला तीच सवय लावली तर घात होतो. त्याच्या आत दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा अगदी पातळ पडदा असतो आणि भोवती पेट घेणारा द्रव. उन्हानं, ठेच लागून किंवा जास्त चार्ज होऊन पडदा फाटला, की उष्णतेनं उष्णता वाढत जाते. विषारी धूर येतो, मग जाळ. त्यातून पाणी शिरू नये म्हणून घट्ट बंद केलेली ॲल्युमिनियमची बॅटरी असेल, तर वायूला वाट मिळत नाही आणि नळीच फुटू शकते. मला सगळ्यात भीती याचीच वाटते.

म्हणून सुटा लिथियम सेल खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर नको. वरचं टोक सोडलं तर त्याचा अख्खा डबा ऋण असतो. वरच्या कडेला वेष्टन फाटलं आणि तिथं किल्ली टेकली, की शॉर्ट. बरेच दिवस वापरायचा नसेल तर साधारण अर्धा चार्ज करून प्लॅस्टिकच्या डबीत, घरातल्या गार कोपऱ्यात ठेवावा. पाण्याच्या मोटारीच्या पत्र्याच्या पेटीत तर मुळीच नको, एप्रिलमध्ये तिची भट्टी होते.

वेष्टनावरचे आकडे पुसले असतील तर वायरमनच्या मीटरवर सेल धरावा. ३ च्या पुढं काटा गेला, तर तो घड्याळातला नाही.