पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकू नका

‘पॉवर बँक पेट घेऊ शकते, मग ती जवळ कशाला? चेक-इनच्या बॅगेत टाका,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. विमानप्रवासाचा नियम नेमका उलटा आहे. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेतच न्यायच्या.

कारण साधं आहे. बॅटरीत आतल्या आत शॉर्टसर्किट झालं की एक सेल तापतो, तो शेजारच्याला तापवतो, आणि ही साखळी स्वतःच पुढे सरकते. सामानकक्षातला हॅलॉन वायू ज्वाळा दाबतो, पण सेलच्या आतली ही उष्णता थांबवू शकत नाही. केबिनमध्ये मात्र धूर लगेच दिसतो, कर्मचारी पाणी ओतून बॅटरी थंड करू शकतात.

तरीही वरच्या कप्प्यात ठेवू नका, हाताशी ठेवा. जानेवारी 2025 मध्ये दक्षिण कोरियात एअर बुसानच्या विमानाला आग लागली ती वरच्या कप्प्यातूनच. तपासात पॉवर बँकेवर संशय आला.

मर्यादा 100 वॉट-तासांची (बॅटरीत किती ऊर्जा साठते, त्याचं हे माप). नेहमीची 20,000 एमएएचची बँक साधारण 74 वॉट-तास भरते. 100 ते 160 पर्यंत कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे बंदी. फुगलेली बँक मात्र घरीच राहू द्या, कृपा करून.