अमेरिकेत डिस्चार्जनंतर येणारा एचकॅप्सचा फॉर्म: कोणाला येतो, कसा भरायचा

आधीच सांगतो, यासाठी अर्ज नसतो. एचकॅप्स हे मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा अमेरिकेचा सरकारी आरोग्यविमा) चालवणाऱ्या केंद्रीय संस्थेचं रुग्ण-सर्वेक्षण. घरी गेलेल्या रुग्णांतून सोडत काढल्यासारखी नावं निवडली जातात. आपणहून नाव देता येत नाही. आलंच तर डिस्चार्जनंतर 48 तासांपासून 42 दिवसांच्या आत टपालाने, फोनवर किंवा ईमेलच्या लिंकवर येतं.

पात्रता सोपी आहे: वय 18 किंवा जास्त, किमान एक रात्र रीतसर भरती, आणि आजार मानसोपचाराचा नको. मेडिकेअरच हवं असं नाही, कुठलाही विमा चालतो. बाळंतपण धरलं जातं. मात्र नुसतं इमर्जन्सीत जाऊन आलात किंवा रात्रभर 'ऑब्झर्व्हेशन'वर, म्हणजे रीतसर भरती न करता देखरेखीखाली ठेवलं, तर नाही. नर्सिंग होम (तिथे म्हणजे दीर्घकाळ शुश्रूषेचं केंद्र) किंवा हॉस्पिसमध्ये (अखेरच्या दिवसांतली सेवा) हलवलेले रुग्णही वगळतात.

आपल्याकडच्यांची खरी मेख पत्त्यात आहे. परदेशातला घरचा पत्ता असलेले रुग्ण यादीतून बाहेर. म्हणजे मुलीच्या बाळंतपणाला गेलेली आई तिथेच आजारी पडली आणि कागदावर पुण्याचा पत्ता दिला, तर तिला फॉर्म येणार नाही. मुलीला येऊ शकतो.

कागदपत्रं काहीच लागत नाहीत. सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक) किंवा क्रेडिट कार्डाचा तपशील कुणी मागितला, तर तो फोन एचकॅप्सचा नव्हे, सरळ ठेवून द्या. भाग घेणं ऐच्छिक आहे, नाही भरलं तरी उपचारांवर परिणाम होत नाही. मराठी किंवा हिंदी फॉर्म मिळत नाही, पण 2025 पासून रुग्णाच्या वतीने घरचं माणूस उत्तरं देऊ शकतं, त्यामुळे इंग्रजीची अडचण सुटते.

प्रश्न नेमके असतात. नर्स लक्ष देऊन ऐकत होत्या का, नवं औषध कशासाठी ते सांगितलं का, रात्री खोलीच्या आसपास शांतता होती का. उत्तरं 'कधीच नाही' ते 'नेहमी' अशी. शेवटाकडे रुग्णालयाला 0 ते 10 गुण द्यायचे. इथे आपण भिडस्तपणे 8 देतो, 'छानच होतं की' म्हणून. पण जाहीर होणाऱ्या मुख्य आकड्यात 9 आणि 10 एवढेच धरतात, तसंच 'बहुतेक वेळा' नाही, फक्त 'नेहमी'. हे निकाल मेडिकेअरच्या 'केअर कंपेअर' संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात, आणि रुग्णालयाला मिळणाऱ्या मेडिकेअरच्या पैशांचा काही भागही त्यांवर ठरतो. म्हणून '10 द्या हं' असं सांगायला कर्मचाऱ्यांना बंदी आहे.

बिलाची तक्रार मात्र यात लिहू नका. तिच्यासाठी रुग्णालयाचा बिलिंग विभाग गाठा.