बर्फावर चारशे अश्वशक्ती

पुण्यात हिवाळा हा गाडी चालवण्याचा सर्वांत निर्धोक काळ असतो. जानेवारीच्या पहाटे पारा दहा अंशांच्या खाली उतरला तरी रस्ता कोरडाच राहतो. घसरण्याची भीती बाळगायची ती ताम्हिणी किंवा वरंध घाटात, जुलैच्या पावसात. मात्र चाकण-पिंपरीच्या वाहन उद्योगातून जर्मनीतल्या म्यूनिक, श्टुटगार्ट किंवा इंगोलश्टाटला कामासाठी जाणारे अभियंते पुण्याला नवे नाहीत, आणि तिकडे स्थिरावल्यावर एखादी स्पोर्ट्‌स कार, भले जुनी का असेना, घ्यावी असे त्यांच्यातल्या कुणाला वाटले तर नवल नाही. मग प्रश्न येतो तो हिवाळ्याचा: इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना देणारी रिअर-व्हील ड्राइव्ह गाडी घ्यावी, की ती चारही चाकांना वाटून देणारी ऑल-व्हील ड्राइव्ह? सर्वसाधारण सल्ला दुसरीच्या बाजूने पडतो. तो चुकीचा नाही; पण त्याने निम्माच प्रश्न सुटतो, आणि धोका उरलेल्या निम्म्यात असतो.

टायर रस्त्यावर जास्तीत जास्त किती जोर लावू शकेल हे दोन गोष्टींवर ठरते: त्या टायरवर पडलेला भार आणि रस्ता व रबर यांच्यातला घर्षणगुणांक. कोरड्या डांबरावर हा गुणांक साधारण ०.८ ते १ असतो, दबलेल्या बर्फावर तो ०.२ ते ०.३ पर्यंत उतरतो, आणि गोठलेल्या पाण्याच्या गुळगुळीत थरावर ०.१ किंवा त्याहूनही कमी होतो. आता १,५०० किलो वजनाची, पुढे-मागे निम्मे-निम्मे वजन असलेली रिअर-व्हील ड्राइव्ह गाडी दबलेल्या बर्फावर उभी आहे असे समजू आणि गुणांक ०.२ धरू. तिच्या मागच्या दोन चाकांवर साधारण ७,३५० न्यूटन भार पडतो, म्हणजे ती चाके गाडीला पुढे ढकलण्यासाठी जास्तीत जास्त १,४७० न्यूटन जोर लावू शकतात. ताशी ३६ किलोमीटर वेगाला या जोराची शक्ती होते १४.७ किलोवॅट, म्हणजे अवघी २० अश्वशक्ती. इंजिन ४०० अश्वशक्तीचे असले तरी त्या क्षणी त्यातली ३८० बिनकामाची असते, आणि ॲक्सिलरेटरवर पाय थोडा जास्त पडला की चाके जागच्या जागी फिरू लागतात. तीच गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह असेल तर सगळे वजन कामी येते आणि हा आकडा दुप्पट, म्हणजे ४० होतो. चढाचेही असेच: पहिली गाडी दहा मीटरला एक मीटर चढणाऱ्या बर्फाच्छादित रस्त्यावर जेमतेम तग धरेल, तर दुसरी दहाला दोन मीटरचा चढ चढण्याच्या बेतात असेल. ज्याचे घर डोंगरउतारावर आहे त्याच्यासाठी हा फरक घरी पोचण्याचा किंवा न पोचण्याचा आहे.

इंजिन मागे असलेली पोर्शे ९११ या हिशेबात थोडी वेगळी पडते. तिचे साधारण ६० टक्के वजन मागच्या चाकांवर असते, त्यामुळे ताकद फक्त मागच्या चाकांना मिळत असूनही तिची निघताना होणारी पकड इतर रिअर-व्हील ड्राइव्ह गाड्यांपेक्षा चांगली असते. १९६८, १९६९ आणि १९७० अशी सलग तीन वर्षे आल्प्सच्या घाटांतली माँटे कार्लो रॅली ९११ ने जिंकली, हा काही योगायोग नव्हता.

आता ब्रेकचा विचार करू. ब्रेक प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतात. थांबण्याच्या कामात इंजिनाची ताकद कुठे जाते याला जवळपास काहीच अर्थ उरत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगावरून कोरड्या रस्त्यावर, म्हणजे गुणांक ०.८ असताना, ब्रेक दाबल्यापासून गाडी सुमारे १२ मीटरमध्ये थांबते, ०.२ वर त्याच वेगाला ४९ मीटर लागतात, मग गाडीच्या मागे चार चाकांची बढाई मारणारा कोणताही बिल्ला असो. वळणाचा हिशेबही असाच आहे. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर कोरड्या रस्त्यात ताशी ७० किलोमीटरच्या आसपास मर्यादा येते, तर दबलेल्या बर्फावर ती ३६ वर येते. ऑल-व्हील ड्राइव्हची खरी अडचण मला इथेच दिसते. ती गाडी निघताना घसरत नाही, वेग सहज घेते, आणि त्यामुळे रस्ता किती निसरडा आहे याची खबर चालकाला लागतच नाही. रिअर-व्हील ड्राइव्ह गाडीची मागची बाजू पहिल्याच सिग्नलला जरा हलली की चालक सावध होतो. ऑल-व्हील ड्राइव्हच्या चालकाला ती सूचना पहिल्यांदा मिळते ती ब्रेक दाबल्यावर.

वळणात ॲक्सिलरेटर दिला तर मात्र दोन्ही गाड्या वेगळ्या वागतात. टायरची पकड ही ठरावीक पगारासारखी असते: पुढे ढकलण्यावर जितकी खर्च झाली तितकी बाजूचा जोर सांभाळायला कमी उरते. रिअर-व्हील ड्राइव्ह गाडीत हा सगळा खर्च मागच्या टायरांच्या माथी येतो, त्यामुळे मागची बाजू बाहेर फेकली जाते आणि गाडी गोल फिरण्याचा धोका असतो. निसरड्या उतारावर एकदम खालचा गिअर टाकला तरी तेच घडू शकते, कारण तेव्हा इंजिन केवळ मागच्या चाकांना रोखते. चारही चाकांत काम वाटले गेले की प्रत्येकाकडे बाजूच्या जोरासाठी थोडी शिल्लक राहते; ती संपली की बहुधा पुढची चाके घसरतात आणि स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळच जात राहते. आधुनिक गाड्यांतली ट्रॅक्शन कंट्रोल आणि स्टॅबिलिटी कंट्रोल या यंत्रणा एकेका चाकाचा ब्रेक लावून आणि इंजिनाचा जोर कमी करून दोन्ही प्रकारांना बरेच सावरतात, पण नसलेली पकड त्या निर्माण करू शकत नाहीत.

मार्च १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आलेल्या आउडी क्वात्रो या ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीने रॅलीचे जग बदलले असे सांगितले जाते, आणि ते खरेही आहे. तरीही १९८३ ची माँटे कार्लो रॅली वॉल्टर रोर्ल याने लान्सिया ०३७ या रिअर-व्हील ड्राइव्ह गाडीतून जिंकली, कारण त्या वर्षी रस्ते बरेचसे कोरडे होते. पुढच्या वर्षी भरपूर बर्फात तोच रोर्ल क्वात्रोतून पहिला आला आणि दुसरा-तिसरा क्रमांकही क्वात्रोनेच घेतला. चालक तोच, रॅली तीच. कोणत्या प्रकारची गाडी जिंकणार हे रस्त्यावर काय पडले होते त्याने ठरले.

या सगळ्या हिशेबात घर्षणगुणांक हा एकच आकडा असा आहे की ज्याने पळणे, वळणे आणि थांबणे ही तिन्ही कामे एकाच वेळी सुधारतात, आणि तो बदलतो टायरमुळे. स्पोर्ट्‌स कारला कारखान्यातून बहुधा उन्हाळी टायर येतात. त्यांचे रबर साधारण ७ अंश सेल्सिअसखाली कडक होऊ लागते, रस्त्याच्या बारीक खाचाखोचांत बसेनासे होते, आणि बर्फ पडलेला नसतानाही पकड कमी होते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते, आणि त्याच्या नक्षीतल्या असंख्य बारीक चिरा बर्फाला धरतात. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर असे टायर कायद्याने आवश्यक आहेत, आणि ऑक्टोबर २०२४ पासून त्यांच्यावर तीन शिखरे व हिमकण यांचे चिन्ह असणेही सक्तीचे झाले आहे. हिवाळी टायरची रिअर-व्हील ड्राइव्ह गाडी आणि उन्हाळी टायरची ऑल-व्हील ड्राइव्ह यांत निवड करायची तर मी पहिलीत बसेन.

म्हणून म्यूनिक शहरात राहणाऱ्या, बर्फ हटवणारा नांगर फिरवून आणि मीठ टाकून मोकळ्या केलेल्या रस्त्यांवरून कामाला जाणाऱ्या माणसाला चांगल्या हिवाळी टायरांसह रिअर-व्हील ड्राइव्ह पुरते. ती हलकी असते, आणि उरलेले आठ-नऊ महिने चालवायला अधिक मजेची. आल्प्सच्या पायथ्याशी घर असेल किंवा दर शनिवारी स्कीइंगला जायचे असेल तर ऑल-व्हील ड्राइव्हचे जास्तीचे पैसे वसूल होतात. अर्थात गाडीचे पोट जमिनीपासून बोटभरच वर असेल तर ताज्या, खोल बर्फात दोन्ही प्रकार सारखेच अडकतात.

जुनी ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी घेताना चारही टायरांची झीज मोजून पाहावी. पुढच्या आणि मागच्या टायरांची झीज असमान असेल तर त्यांच्या परिघांचे ठरलेले प्रमाण बिघडते, पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्यांत सतत फरक पडतो आणि तो सोसणारा, पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा मधला डिफरन्शियल किंवा क्लच तापून झिजतो. त्यामुळे अशा गाडीचा एक टायर फुटला तर अनेकदा चारही बदलावे लागतात, आणि स्पोर्ट्‌स कारच्या मापाचे चार टायर हा किरकोळ खर्च नसतो.