विजेला वाट करून देणारं विमान

नियमित उडणाऱ्या प्रवासी विमानाला वर्षातून साधारण एकदा विजेचा तडाखा बसतो. डोळे दिपवणारा लखलखाट होतो, एक दणका ऐकू येतो आणि विमान पुढे जात राहतं. उतरल्यावर तंत्रज्ञांना नाकापाशी किंवा पंखांच्या टोकांना जळाल्याचे बारीक ठिपके सापडतात, बहुतेक वेळा तेवढंच. पण हा निर्धास्तपणा फुकट मिळालेला नाही. विमानाला विजेपासून वाचवणारे महत्त्वाचे नियम कुठल्या ना कुठल्या अपघाताच्या ढिगाऱ्यातून निघाले आहेत. त्यातले बरेच नियम केले गेले तेव्हा वीज विमानाला गाठते कशी, हे नियम करणाऱ्यांनाही पुरतं ठाऊक नव्हतं. ढगातून निघालेल्या विजेच्या वाटेत विमान योगायोगाने सापडतं, हा समज १९८०च्या दशकापर्यंत टिकला. प्रत्यक्षात बहुतेक वेळा वीज विमानापासूनच सुरू होते.

जमिनीवरची गोष्ट याहून बरीच जुनी आहे आणि ती सुरू होते दारूगोळ्यापासून. १७५२मधल्या प्रयोगांनी आकाशातली वीज आणि प्रयोगशाळेतली ठिणगी एकच असल्याचं दाखवलं. वीज झेलून जमिनीत नेणाऱ्या बेंजामिन फ्रँकलिनच्या टोकदार सळया इमारतींवर दिसू लागल्या. १७६९मध्ये इटलीतल्या ब्रेशिया शहरात बंदुकीच्या दारूच्या साठ्यावर वीज पडली आणि शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. त्यानंतर इंग्लंडने पर्फ्लीट इथल्या आपल्या दारूच्या कोठारांसाठी रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेकडे सल्ला मागितला. १७७२च्या त्या समितीत फ्रँकलिन होता, हेन्री कॅव्हेंडिश होता आणि बेंजामिन विल्सन नावाचा चित्रकार-संशोधकही होता. बाकीच्यांनी टोकदार सळया सुचवल्या. विल्सनने मतभेद नोंदवला: टोक विजेला उगाच आमंत्रण देईल, वर गोळा बसवा. पुढे अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं, फ्रँकलिन शत्रुपक्षाचा ठरला आणि राजा तिसऱ्या जॉर्जने गोळ्यांची बाजू उचलून धरली. विज्ञानाच्या वादात राजकारण घुसल्याचं हे ठळक उदाहरण म्हणून इतिहासकार हा किस्सा आवडीने सांगतात. मात्र न्यू मेक्सिकोच्या डोंगरावर चार्ल्स मूर आणि सहकाऱ्यांनी कित्येक वर्षं वेगवेगळ्या सळया शेजारीशेजारी उभ्या केल्या, तेव्हा वीज पडली ती बोथट टोकाच्या सळयांवर. अणकुचीदार सळया कोरड्याच राहिल्या. त्यांचे निष्कर्ष २०००मध्ये प्रसिद्ध झाले. विल्सनचं कारण चुकीचं होतं, पण त्याचा बोथट सळईचा आग्रह अगदीच वेडगळ नव्हता.

दारूगोळ्याचा धोका विसाव्या शतकातही सुटला नाही. १० जुलै १९२६ रोजी न्यू जर्सीत लेक डेन्मार्कच्या नौदल कोठारावर वीज पडली आणि स्फोटांची मालिका सुरू झाली. शेजारच्या पिकाटिनी शस्त्रागाराचंही अतोनात नुकसान झालं. यातून १९२८मध्ये अमेरिकेच्या लष्करी स्फोटकांच्या सुरक्षिततेवर देखरेख करणारं मंडळ उभं राहिलं. कोठारं एकमेकांपासून आणि वस्तीपासून किती अंतरावर असावीत, याचा हिशेब त्यानंतर काटेकोर झाला.

वैमानिकांची पहिली तक्रार मात्र विजेची नव्हती, रेडिओची होती. १९३०च्या दशकात कोरड्या हिमकणांमधून किंवा धुळीतून जाताना रेडिओवर इतकी खरखर व्हायची की दिशादर्शक संकेत ऐकूच येत नसत, आणि हे नेमकं खराब हवेत, जेव्हा रेडिओशिवाय पान हलत नसे. कारण घर्षणाचं होतं. विमानाच्या पत्र्यावर आदळणारा प्रत्येक कण थोडा विद्युतभार सोडून जातो. विमानाला अर्थिंग नसतं, त्यामुळे त्याचा विद्युतदाब लाखो व्होल्टपर्यंत चढतो आणि मग तो भार अँटेना, पंखांची टोकं अशा टोकदार जागांवरून हवेत झिरपू लागतो. ही झिरप म्हणजेच खरखर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्कर आणि नौदलाने मिळून यावर प्रकल्प हाती घेतला. रॉस गन हे त्यातलं प्रमुख नाव. पुढे स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत रॉबर्ट टॅनर आणि जोसेफ नॅनेविच यांनी जेट विमानांसाठी तोच प्रश्न सोडवला. पंखांच्या मागच्या कडेला आज ज्या बारीक काड्या दिसतात, त्या स्टॅटिक विक या कामातून आल्या. साठलेला भार त्या गुपचूप, अँटेनापासून दूर हवेत सोडतात. त्या वीज अडवत नाहीत. हे इथे सांगायचं कारण पुढे येईल.

स्थिर विद्युत म्हटली की हिंडनबर्ग आठवतंच. ६ मे १९३७ रोजी अमेरिकेत लेकहर्स्टला उतरताना हायड्रोजनच्या बळावर तरंगणारं ते हवाईजहाज जळालं आणि ३६ जण गेले. हायड्रोजन पेटवणारी ठिणगी स्थिर विद्युतची असावी, हेच स्पष्टीकरण आजही सर्वाधिक मान्य आहे. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या विमानविद्या सल्लागार समितीने, म्हणजे नासाच्या पूर्वसुरींनी, विमानांना असलेल्या विजेच्या धोक्यासाठी उपसमिती नेमली. १९४०मध्ये व्हर्जिनियातल्या लव्हेट्सव्हिलजवळ एक डीसी-३ कोसळून २५ जण ठार झाले, तेव्हा चौकशीत संभाव्य कारण म्हणून अगदी जवळ कडाडलेल्या विजेने वैमानिक निष्प्रभ झाल्याचं नोंदवलं गेलं. पुराव्यापेक्षा तर्कावर उभा असलेला निष्कर्ष होता तो. धातूचं विमान आतल्या माणसांना बंदिस्त पिंजऱ्यासारखं वाचवतं, हे फॅरेडेने शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलं होतं. त्यामुळे धोका नसल्यातच जमा आहे, असं मानणारेही पुष्कळ होते.

तो समज ८ डिसेंबर १९६३च्या रात्री मोडला. पॅन ॲमचं २१४ क्रमांकाचं उड्डाण, बोइंग ७०७, फिलाडेल्फियाला उतरण्याची पाळी येईपर्यंत आकाशात घिरट्या घालत होतं. वीज कडाडली, डावा पंख पेटला आणि विमान मेरीलँडमधल्या एल्कटनजवळ कोसळलं. ८१ जणांपैकी कुणीही वाचलं नाही. चौकशीअंती दोष निघाला डाव्या पंखाच्या टोकाकडल्या राखीव टाकीतल्या इंधनवाफेचा. टाक्यांमध्ये दोन प्रकारच्या इंधनांचं मिश्रण होतं: एक केरोसिनच्या जातीचं आणि दुसरं त्याहून हलकं, लवकर उडणारं. शुद्ध केरोसिनची वाफ डिसेंबरच्या थंडीत सहसा पेट घेण्याइतकी होत नाही, पण या मिश्रणाची वाफ हवेबरोबर पेट घेण्याजोग्या प्रमाणात आली होती. वीज टाकीत नेमकी कुठून शिरली, हे शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

काही दिवसांतच अमेरिकी विमान प्रशासनाने बोइंग जेट विमानांना स्टॅटिक विक बसवण्याचा आदेश काढला. रेडिओची खरखर घालवणारं साधन स्फोटावरचा उपाय म्हणून पुढे आलं, कारण हाताशी तेवढंच होतं. खऱ्या अर्थाने नियम झाला १९६७मध्ये: विजेचा थेट आघात होवो, तिचा लोळ पृष्ठभागावरून घसरत जावो किंवा इंधनाच्या निकास-नळीपाशी ठिणग्या उडोत, वाफ पेटता कामा नये. टाकीवरचा पत्रा किती जाड हवा, रिव्हेटच्या सांध्यात ठिणगी पडते का, टोपणाच्या कडेतून विद्युतप्रवाह आत जातो का, असे रुक्ष प्रश्न मग प्रयोगशाळांमध्ये आले. १९६८च्या डिसेंबरात अमेरिकी हवाई दल आणि वाहन अभियंत्यांची संघटना एसएई यांनी मायामी बीचला वीज आणि स्थिर विद्युत यांवर एकत्रित परिषद भरवली. १९७५मध्ये तशी परिषद इंग्लंडमध्ये कल्हम प्रयोगशाळेत झाली. विमानवाले आणि इमारतवाले एका मांडवाखाली येणं स्वाभाविक होतं, कारण विमानाच्या चाचण्यांचे आकडे मुळात जमिनीवरूनच आले होते.

ते आले मुख्यतः स्वित्झर्लंडमधल्या लुगानोजवळच्या मॉन्टे सान साल्वातोरे या डोंगरावरून. कार्ल बर्गर यांनी १९४०च्या दशकापासून तिथल्या मनोऱ्यांवर पडणाऱ्या विजांचा प्रवाह तीन दशकं चिकाटीने मोजला. ढगातला ऋणभार खाली आणणाऱ्या नेहमीच्या विजेच्या पहिल्या झटक्याचा प्रवाह साधारण ३० हजार अँपिअर भरतो. धनभार आणणाऱ्या विजा विरळा, पण त्यांतल्या काही कित्येक पटींनी दांडग्या असतात. अशा मोजमापांचा आधार घेऊन विमानांच्या चाचणीसाठी २ लाख अँपिअरचा शिखर-प्रवाह ठरला. ही निसर्गाने घातलेली मर्यादा नव्हे, तज्ज्ञांनी बसून ठरवलेली आहे.

दरम्यान अवकाशात जाणाऱ्यांनाही धडा मिळाला. १४ नोव्हेंबर १९६९ला अपोलो १२ पावसाळी ढगांत झेपावलं आणि ३६व्या सेकंदाला एकदा, ५२व्या सेकंदाला पुन्हा एकदा वीज कडाडली. यानाला वीज पुरवणारे इंधनघट यंत्रणेपासून तुटले, नियंत्रण कक्षात येणारे आकडे निरर्थक झाले. जॉन एरन या तरुण अभियंत्याला तसाच गोंधळ पूर्वी एका चाचणीत दिसला होता. त्याने सुचवलेली एक अल्पपरिचित कळ फिरवल्यावर आकडे परत आले आणि चंद्राची मोहीम वाचली. त्या आधी आसपास वीज चमकत नव्हती, हे जास्त महत्त्वाचं. रॉकेट आणि त्यामागचा तप्त ज्वाळांचा पट्टा मिळून एक लांबलचक वाहक तयार झाला होता आणि त्यानेच वीज पाडली. हा इशारा विमानवाल्यांनी आपल्याला लागू करून घ्यायला बरीच वर्षं लावली. खुद्द रॉकेटवालेही तो विसरले. २६ मार्च १९८७ला ॲटलस-सेंटॉर रॉकेट तशाच हवेत सोडलं गेलं. विजेने मार्गदर्शक संगणकाच्या स्मृतीतला एक शब्द बदलला, रॉकेटने चुकीचं वळण घेतलं आणि ते फुटलं.

निर्णायक पुरावा आणला नासाच्या एफ-१०६बी या जुन्या लढाऊ विमानाने. १९८० ते १९८६ या काळात नासाच्याच लँगली केंद्राच्या संशोधकांनी ते जाणूनबुजून गडगडाटी ढगांत १४९६ वेळा घुसवलं आणि त्याने ७१४ आघात झेलले. आरंभी ते तापमान गोठणबिंदूच्या आसपास असलेल्या उंचीवर उडत, कारण प्रवासी विमानांवरचे बहुतेक आघात तिथलेच असत. तिथे फारसं काही हाती लागेना. रडारच्या मदतीने ढगाच्या वरच्या थंडगार भागात शिरल्यावर मात्र वर्षाव सुरू झाला. १९८४च्या एका उड्डाणात ३८ हजार फुटांवर ४५ मिनिटांत ७२ आघात झाले. या नोंदींत वीज बाहेरून येऊन विमानाला भेटत नव्हती. तीव्र विद्युतक्षेत्रात शिरलेल्या विमानाच्या एका टोकापासून धन तंतू, म्हणजे धनभाराची पुढे सरकणारी वाट, फुटतो, त्याने विमान ऋणभारित होत जातं आणि काही मिलिसेकंदांत दुसऱ्या टोकापासून ऋण तंतू निघतो. वीज अशी दोन्ही दिशांनी एकदम वाढते, हे हाइन्झ काझेमिर यांनी १९५०मध्येच मांडलं होतं. कित्येक दशकं त्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. आता विमानांवरच्या सुमारे नव्वद टक्के विजा विमानामुळेच घडतात, असं मानलं जातं.

म्हणजे आकाशात वीज दिसत नाही म्हणून धोका नाही, हा हिशेब चुकीचा ठरला. १९ जानेवारी १९९५ला उत्तर समुद्रावर तेलविहिरीकडे जाणाऱ्या सुपर प्यूमा हेलिकॉप्टरवर वीज पडली, शेपटीच्या पंख्याचं कार्बन तंतूंचं पातं निकामी झालं आणि वैमानिकांना ते समुद्रावर उतरवावं लागलं. सगळे १८ जण वाचले. हिवाळ्यात या भागात हेलिकॉप्टर स्वतःच वीज ओढवून घेतात, हे ध्यानात घेऊन ब्रिटिश हवामान खात्याने पुढे खास त्यासाठीचा अंदाज तयार केला. १७ एप्रिल १९९९ला इंग्लंडमध्ये डन्स्टेबलजवळ काचतंतूचं एक ग्लायडर विजेने हवेतच फोडलं. दोघेही पॅराशूटने उतरले. सापडलेल्या अवशेषांत चिरडलेल्या नियंत्रण-नळ्या होत्या, आणि त्यांवरून काढलेली विजेची ऊर्जा विमानांच्या चाचणीच्या मानकापेक्षा जास्त भरली. बर्गरच्या नोंदींतली ती विरळा, दांडगी जात खरोखरच भेटली होती.

कार्बनचं कवच ॲल्युमिनियमसारखं प्रवाह वाहून नेत नाही. वजनाने निम्मं संमिश्र पदार्थांचं असलेल्या बोइंग ७८७च्या पंखांत म्हणून तांब्याचा पातळ पत्रा घालावा लागला, सांध्यांना विशेष बंदोबस्त करावा लागला आणि टाक्यांत नायट्रोजनयुक्त हवा भरण्याची सोय झाली. २०१९मध्ये बोइंगने पंखाच्या काही भागावरचा तो तांब्याचा पत्रा काढून टाकला. विमान प्रशासनाच्या तज्ज्ञांनी हरकत घेतली, वरिष्ठांनी ती बाजूला सारून मंजुरी दिली आणि अमेरिकी संसदेच्या समितीने दोघांकडेही स्पष्टीकरण मागितलं.