पाल्मे खून प्रकरण: संशयित नेमकं कोणाला म्हणायचं?

१० जून २०२० रोजी स्वीडनच्या सरकारी वकिलांनी ऑनलाइन पत्रकार परिषद घेतली आणि पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांच्या खुनाचा तपास बंद करत असल्याचं जाहीर केलं. खुनाला तेव्हा ३४ वर्षं उलटून गेली होती. त्यांनी एका माणसाचं नाव घेतलं. तो माणूस २००० सालीच वारला होता. मेलेल्या माणसावर खटला चालवता येत नाही, म्हणून तपास बंद. अनेकांनी याचा अर्थ 'खुनी सापडला' असा घेतला. तो तसा का घेता येत नाही, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

आधी तुलनेसाठी एक जुना प्रसंग. स्वीडनचा राजा गुस्ताव तिसरा याला १७९२ मध्ये मुखवट्यांच्या नाचात गोळी घातली गेली, तेव्हा मारेकऱ्याने पिस्तुलं तिथेच टाकली होती. ती कोणाची हे बंदूक बनवणाऱ्याने ओळखलं आणि दुसऱ्याच दिवशी माणूस हाती लागला. पाल्मे प्रकरणात हत्यार आजपर्यंत मिळालेलं नाही. पुढचा सगळा गुंता तिथूनच वाढत गेला.

२८ फेब्रुवारी १९८६, शुक्रवार. पाल्मे आणि त्यांच्या पत्नी लिस्बेत सिनेमा पाहून स्टॉकहोमच्या स्वेआवेगन रस्त्याने चालत घरी निघाले होते. अंगरक्षकांना पाल्मेंनी दिवसाच सुट्टी दिली होती. रात्री ११ वाजून २१ मिनिटांनी टुनेलगाटानच्या कोपऱ्यावर एका माणसाने मागून अगदी जवळून दोन गोळ्या झाडल्या. पहिली पाल्मेंच्या पाठीत घुसली, दुसरी लिस्बेत यांना चाटून गेली. मारेकरी गल्लीत शिरला आणि टोकाच्या ८९ पायऱ्या चढून वरच्या रस्त्याला लागला. तिथून पुढे त्याचा माग नाही.

त्या रात्रीचं पोलिसी काम वाचताना आजही जीव तुटतो. घटनास्थळाभोवती दोरी लावली ती इतक्या थोड्या जागेला, की लोक रक्ताच्या थारोळ्याजवळ येऊन गुलाब ठेवत होते. शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यांवर नाकाबंदी झाली नाही. देशभर सावधानतेचा संदेश गेला तो पहाटे २ वाजून ५ मिनिटांनी, म्हणजे जवळजवळ पावणेतीन तासांनी, आणि त्यात मारेकरी दोन असल्याचं चुकीचं लिहिलेलं होतं. गोळ्याही पोलिसांना सापडल्या नाहीत. पहिली शनिवारी सकाळी सापडली ती मूळच्या गोव्याच्या, स्टॉकहोममध्ये राहणाऱ्या एका पत्रकाराला, फुटपाथवर. दुसरी रविवारी वाटसरूंना. .३५७ मॅग्नम रिव्हॉल्वरच्या, धातूचं कवच भेदणाऱ्या त्या गोळ्या. पंतप्रधानाच्या खुनाचा सगळ्यात मोठा वस्तुरूप पुरावा दोरीच्या बाहेर पडून राहिला आणि रस्त्याने जाणाऱ्यांनी तो आणून दिला. त्या दोन गोळ्यांशी ताडून पाहण्यासाठी नंतर शेकडो रिव्हॉल्वर तपासली गेली. त्यातलं एखादं नक्की तेच होतं असं मात्र म्हणता आलेलं नाही.

पुरावा हाताशी नसला की तपास माणसांच्या मागे लागतो. पहिल्या वर्षात तेच झालं. खुनाच्या तपासाचा अनुभव नसलेले स्टॉकहोमचे पोलीस प्रमुख स्वतःच तपासाचे सूत्रधार झाले. मार्चमध्येच पाल्मेद्वेष्ट्या गटांशी संबंध असलेला एक तरुण पकडला आणि सोडला. मग प्रमुखांचं लक्ष पीकेके या कुर्दी संघटनेवर गेलं. ही संघटना सोडून गेलेल्या दोघांचे खून १९८४ आणि १९८५ मध्ये स्वीडनमध्ये झाले होते, त्यामुळे संशयाला आधी थोडा आधार होता. पण आधार थोडा आणि आत्मविश्वास अफाट. २० जानेवारी १९८७ रोजी मोठी धरपकड झाली, सगळे लवकरच सुटले, सरकारी वकील आणि पोलीस यांच्यात उघड भांडण झालं आणि काही आठवड्यांतच पोलीस प्रमुख तपासातून बाहेर पडले. साप साप म्हणून भुई धोपटून झाली. पण ज्या कुर्दी कुटुंबांनी आसऱ्यासाठी हा देश निवडला होता, त्यांच्या माथी लागलेला आळ कोणी सहीशिक्क्यानिशी काढून घेतला नाही. १९८८ मध्ये हाच धागा पकडून एका प्रकाशकाने खासगी तपास सुरू केल्याचं उघड झालं. त्याला शिफारसपत्र देणाऱ्या कायदामंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला.

आता या प्रकरणातला एकमेव खटला. यावर जरा थांबायलाच हवं, कारण २०२० चा निर्णय तोलायचा तो याच तराजूत.

डिसेंबर १९८८ मध्ये दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनात बुडालेल्या एका माणसाला अटक झाली. १९७० मध्ये स्टॉकहोममध्येच रस्त्यावर एका अनोळखी माणसाला संगिनीने ठार केल्याबद्दल त्याला शिक्षा झालेली होती. १४ डिसेंबरला लिस्बेत पाल्मे यांना ओळखपरेडीची चित्रफीत दाखवली गेली. रांगेतल्या प्रत्येकाला क्रमांक होता. त्याआधीच सरकारी पक्षाकडून त्यांच्या कानावर गेलं होतं, की संशयित दारुडा आहे. चित्रफीत पाहताना त्या म्हणाल्या ते साधारण असं: दारुडा कोण ते दिसतंच आहे. आणि मग त्यांनी आठ क्रमांकाकडे बोट दाखवलं. नवऱ्याचा खून डोळ्यांदेखत झालेल्या, स्वतः गोळीतून वाचलेल्या बाईला यात दोष देण्याचं कारण नाही. दोष तिच्या कानात आधीच एक शब्द घालणाऱ्यांचा. एका शब्दाने साक्ष कायमची डागाळली. तिने खुन्याला ओळखलं की रांगेतल्या दारुड्याला, हे त्यानंतर कोणालाच वेगळं करता येईना.

जुलै १९८९ मध्ये स्टॉकहोमच्या जिल्हा न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. स्वीडनच्या खालच्या न्यायालयात शिकलेल्या न्यायाधीशांबरोबर राजकीय पक्षांनी सुचवलेले, कायद्याचं शिक्षण नसलेले नागरिकही न्यायदानाला बसतात आणि त्यांचं मत तितकंच मोजलं जातं. इथे सहाही नागरिक 'दोषी' म्हणाले आणि दोन्ही न्यायाधीश 'पुरावा अपुरा' म्हणाले. सहा विरुद्ध दोन. अपिलात मात्र स्वेआ न्यायालयाने एकमताने त्याला सोडलं. हत्यार नाही, हेतू नाही, आणि ओळखपरेड अशी. तुरुंगवासाची भरपाई म्हणून त्याला ३ लाख क्रोना मिळाले. खटला पुन्हा चालवण्याची सरकारी पक्षाची विनंती १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. तो २००४ मध्ये वारला. लिस्बेत पाल्मे २०१८ मध्ये गेल्या.

आजही स्वीडनमध्ये कित्येकांना तोच खुनी वाटतो. वाटो. पण कायद्याच्या नजरेत तो निर्दोष सुटलेला माणूस आहे, आणि ते त्याला मिळालं कारण तो जिवंत होता, त्याला वकील होता आणि वर दाद मागायला एक न्यायालय होतं.

यानंतरची दोन दशकं धागेदोऱ्यांची. १९९६ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीतल्या एका पोलीस अधिकाऱ्याने तिथल्या गुप्तहेरांकडे बोट दाखवलं. खुनाच्या बरोबर एक आठवडा आधी, २१ फेब्रुवारीला, पाल्मेंनी स्टॉकहोममधल्या वर्णद्वेषविरोधी परिषदेत घणाघाती भाषण केलं होतं, त्यामुळे हा धागा पटतो. सिद्ध मात्र झाला नाही. पोलिसांमधल्याच पाल्मेद्वेष्ट्यांचा धागाही असाच लोंबकळत राहिला.

आणि बोफोर्स. आपल्याकडे पाल्मे म्हटलं की पहिल्यांदा हेच आठवतं. ४१० हॉवित्झर तोफांच्या करारावर २४ मार्च १९८६ रोजी सह्या झाल्या, म्हणजे खुनानंतर चोवीस दिवसांनी. पाल्मे आणि राजीव गांधी अण्वस्त्रबंदीच्या सहा देशांच्या पुढाकारात एकत्र होते, जानेवारी १९८५ मध्ये दिल्लीत त्याची परिषद भरली होती. जानेवारी १९८७ मध्ये स्वीडनच्या युद्धसामग्री निर्यातीवर देखरेख करणारा अधिकारी स्टॉकहोमच्या मेट्रोखाली मेला आणि एप्रिलमध्ये स्वीडिश रेडिओने लाचेची बातमी फोडली. तारखा अशा लागून आल्या की मन आपोआप त्यांना दोऱ्यात ओवतं. पण दलालीच्या प्रकरणातून खुनापर्यंत नेणारा पुरावा कोणत्याही तपासात पुढे आलेला नाही. बोफोर्समध्ये दलाली होती म्हणून खूनही त्यातूनच झाला असं ठरवणं, हे दारुडा दिसला म्हणून आठ क्रमांकाकडे बोट दाखवण्यासारखंच आहे.

दरम्यान कागद वाढत गेले. फायलींनी सुमारे २५० मीटर लांबीची फडताळं भरली, १० हजारांहून जास्त लोकांचे जबाब झाले, आणि १३४ जणांनी 'खून मीच केला' असं सांगितलं. तपासाच्या चुका मोजायला सरकारने नेमलेल्या आयोगाने १९९९ मध्ये सुमारे हजार पानांचा अहवाल दिला. खुनाच्या गुन्ह्यात खटला भरायला तिथे २५ वर्षांची मुदत होती. ती २०११ मध्ये संपली असती, पण २०१० मध्ये कायदा बदलून खुनाची मुदतच काढून टाकली गेली. हा बदल झाला नसता तर २०२० ची पत्रकार परिषदही झाली नसती.

तिथे ज्याचं नाव घेतलं गेलं तो 'स्कँडिया मॅन' म्हणून ओळखला जातो. खुनाच्या जागेपासून काही पावलांवर स्कँडिया या विमा कंपनीचं मुख्यालय होतं, तिथे तो रेखाटनाचं काम करायचा. त्या रात्री उशिरापर्यंत काम करून तो गोळीबाराच्या दोनेक मिनिटं आधी इमारतीतून बाहेर पडला. नंतर आपण होऊन साक्षीदार म्हणून पुढे आला: मी पाल्मेंना कुशीवर वळवायला मदत केली, लिस्बेत यांच्याशी बोललो, पायऱ्यांकडे गेलेल्या पोलिसांच्या मागे धावलो. बाकीच्या साक्षीदारांना मात्र तो तिथे असल्याचं आठवत नव्हतं. वर्तमानपत्रांना तो सांगायचा, की लोकांनी मारेकऱ्याचं म्हणून केलेलं वर्णन माझंच आहे, मी धावत होतो म्हणून. पोलिसांनी त्याला बोलघेवडा, प्रसिद्धीचा भुकेला ठरवून बाजूला सारलं. २०१८ मध्ये एका पत्रकाराने अनेक वर्षं खपून त्याच्याविरुद्धची सगळी मांडणी छापली आणि बाजूला सारलेली फाईल पुन्हा वर आली. त्याला नेमबाजीची माहिती होती, त्याच्या ओळखीत शस्त्रं जमवणारा एक माणूस होता, पाल्मेंच्या राजकारणाचा त्याला राग होता. वाचताना अंगावर काटा येतो, हे मी नाकारणार नाही.

पण या सगळ्यात हत्यार नाही, डीएनए नाही, रिव्हॉल्वर त्याच्या हातात पाहिलेला साक्षीदार नाही. म्हणून मी त्याचं नाव इथे लिहीत नाही.

वाद नेमका कशाचा, तर शब्दाचा. स्वीडनच्या कायद्यात संशयाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. खाली 'सकारण संशय', त्यावर 'बहुधा तोच असावा इतका दाट संशय', आणि सगळ्यात वर शिक्षेसाठी लागणारी, रास्त शंकेला जागा न ठेवणारी खात्री. पहिल्या दोन पायऱ्या अटक आणि कोठडीपुरत्या, म्हणजे 'अजून तपास करू द्या' एवढंच सांगणाऱ्या. २०२० मध्ये सरकारी वकिलांनी 'रास्त पुरावा' असा शब्दप्रयोग केला आणि तपासात या एका माणसाला वळसा घालून पुढे जाता येत नाही, असं म्हटलं. तो जिवंत असता तर ताब्यात घेण्याइतकं आपल्याजवळ आहे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. म्हणजे तपास जिथून सुरू व्हायचा त्या पायरीवरचा माणूस, आणि तिथेच तपास बंद! संशय हा वाटेतला मुक्काम असतो; इथे त्यालाच शेवटचं गाव करून टाकलं.

आपल्या भाषेत यासाठी किती नेमके शब्द आहेत. आळ येतो, संशय बसतो, ठपका ठेवला जातो, आरोप लावला जातो, दोष सिद्ध होतो. प्रत्येकाचं क्रियापद वेगळं, कारण प्रत्येकाची जबाबदारी वेगळी. तरी आपल्याच बातम्यांत रोज 'संशयित आरोपी' असा जोडशब्द छापला जातो. संशयित म्हणजे ज्याच्यावर अजून आरोप लागलेला नाही असा, आरोपी म्हणजे ज्याच्यावर लागला आहे असा. दोन्ही एका दमात म्हटलं की वाचणाऱ्याच्या मनात तिसराच शब्द उमटतो. स्टॉकहोममध्ये झालं ते हेच, फक्त सरकारी व्यासपीठावरून. तपास बंद करायचा तर नाव न घेताही करता आला असता. तो तसाच करायला हवा होता, असं माझं ठाम मत आहे. पाल्मेंच्या मुलाला निष्कर्ष पटला आणि ठोस पुरावा नसल्याची खंतही वाटली. वडील गमावलेल्या मुलाला असं वाटण्याचा पूर्ण हक्क आहे. सरकारी वकिलाला तो नाही. दारुड्या आरोपीला खालच्या न्यायालयाने दोषी धरलं, तेव्हा वरच्या न्यायालयाने पुरावा पुन्हा चाळला. या दुसऱ्या माणसासाठी चाळणारं कोणीच नव्हतं: ना वकील, ना उलटतपासणी, ना अपील.

ती चाळणी झाली, पण न्यायालयात नाही, कार्यालयात. २०२५ च्या डिसेंबरमध्ये वरिष्ठ सरकारी वकिलांनी कागद पुन्हा पाहून सांगितलं, की मृत माणसाला गुन्हेगार म्हणून पुढे करण्याइतका पुरावा नाही. आणि पुढे तपास करूनही चित्र बदलेल असं दिसत नाही, म्हणून तपास पुन्हा उघडायचाही नाही. २०२० मध्ये तपास बंद झाला तो संशयित मेला म्हणून. आता तो बंदच राहिला, पण कारण बदललं: पुरावाच पुरेसा नाही. स्वेआवेगनच्या कोपऱ्यावर फुटपाथमध्ये बसवलेल्या धातूच्या पाटीवर या जागी पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांचा खून झाला एवढं आणि तारीख कोरलेली आहे. कोणी केला, यासाठी तिथे ओळच सोडलेली नाही.